डिग्री लॉजिस्टिक्सची, पण ट्रकच्या फेऱ्याचा हिशेब जमत नाही

पत्राचा सारांश: जालन्याची एक विद्यार्थिनी, वय 20, पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात बीबीए (लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन मॅनेजमेंट) करते आहे. दुसरं वर्ष संपत आलंय. वडिलांचे दोन ट्रक आहेत, जालन्याच्या एमआयडीसीतून सळई वाहतात. ती लिहिते, "कॉलेजात सगळं पीपीटीवर चालतं. दिवाळीत बाबांनी विचारलं की कळंबोलीचा फेरा आपल्याला परवडतो की नाही, काढून दाखव. मला काढता आलं नाही. काका म्हणाले, गोदामात उभं राहायला डिग्री कशाला लागते? तेव्हापासून मन लागत नाही." मैत्रिणींच्या सांगण्यावरून तिने पुण्यातल्या एका क्लासमध्ये सॅपच्या (मोठ्या कंपन्यांत खरेदी, साठा, बिलं यांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) कोर्ससाठी 5,000 रुपये भरून जागा धरली आहे. पूर्ण फी 85,000, 'शंभर टक्के प्लेसमेंट'चं आश्वासन, उरलेले पैसे महिनाअखेरपर्यंत. मामा उसने द्यायला तयार आहेत. तिचे प्रश्न असे: कोर्स करू का? की डिग्री सोडून बी.कॉम.ला जाऊ? की लगेच एमबीएची तयारी करू? गोदामातलं काम नको, रात्रपाळी असते. ऑफिसात बसून करायची 'सप्लाय चेन अ‍ॅनालिस्ट'ची नोकरी हवी, ती मिळेल का?

प्रिय मैत्रिणी,

महिनाअखेर जवळ आहे म्हणून आधी उत्तरं देते, कारणं मागाहून. 80,000 रुपये आत्ता भरू नकोस. डिग्री सोडू नकोस. एमबीए जरूर कर, पण दोन वर्षं नोकरी केल्यावर. आणि ज्या गोदामाला तू नाही म्हणते आहेस, तिथे या उन्हाळ्यात सहा आठवडे काढ. हे शेवटचं वाचून तुझ्या कपाळावर आठी आली असेल, तरी पत्र पूर्ण वाच.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही याची तुला लाज वाटली. पण त्यांनी जे विचारलं, ते या विषयातल्या सगळ्यात चांगल्या प्रश्नांपैकी एक आहे. तुझ्या वर्गातल्या किती जणांच्या घरी असा प्रश्न विचारणारं माणूस आहे? चल, तो सोडवूनच टाकू. खालचे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत. बाबांच्या वहीतले खरे आकडे तू घाल.

जालना ते कळंबोलीचा लोखंड बाजार एकेरी 400 किलोमीटर धर. माल 20 टन. भरलेली गाडी लिटरला 4 किलोमीटर देते, रिकामी 5. म्हणजे जाताना 100 लिटर, येताना 80. डिझेल 90 रुपयांनी 16,200 रुपये. टोल, चालकाचा भत्ता, वाटखर्च मिळून 7,000. टायरची झीज आणि दुरुस्ती किलोमीटरमागे 5 रुपये, म्हणजे 4,000. गाडी चालली म्हणून झालेला खर्च झाला 27,200. आता गाडी उभी असली तरी होणारा खर्च घे: बँकेचा हप्ता, विमा, कर, परमिट, चालकाचा पगार. महिन्याला 75,000 आणि कामाचे दिवस 25 धरले तर दिवसाला 3,000. फेरा चार दिवसांचा असेल तर 12,000. एकूण 39,200, म्हणजे टनामागे 1,960 रुपये. भाडं याच्या खाली असेल तर फेरा तोट्यात.

खरी गंमत इथून पुढे आहे. कळंबोलीत माल उतरवायला दोन दिवस जास्त लागले, तर 6,000 वाढले आणि टनामागचा खर्च 2,260 झाला. डिझेलचा भाव तोच, रस्ता तोच, चालक तोच. गाडी फक्त उभी राहिली. परतीचा माल मिळाला आणि त्याचे 15,000 आले तर? येताना गाडी भरलेली, म्हणून 20 लिटर जास्त, 1,800 रुपये. त्या मालासाठी एक दिवस थांबावं लागलं तर 3,000. हातात 10,200 उरले आणि जाणाऱ्या मालाचा खर्च टनामागे 1,450 वर आला. पण त्याच 15,000 साठी चार दिवस थांबावं लागलं, तर 12,000 आणि 1,800 जाऊन उरतात 1,200. शिवाय त्या चार दिवसांत जालन्याहून झाला असता तो पुढचा फेराही गेला. म्हणजे परतीचा माल घ्यावा की रिकामी गाडी पळवावी, याचं उत्तर भाड्याच्या आकड्यात नसतं. किती दिवस थांबावं लागेल, त्यात असतं. तुझ्या पुस्तकात स्थिर खर्च, चल खर्च, टर्नअराउंड टाइम (फेरा पूर्ण व्हायला लागणारा वेळ), डिटेन्शन (गाडी अडकून उभी राहणं), बॅकहॉल (परतीचा माल) हे सगळे शब्द आहेत. ते वेगवेगळ्या प्रकरणांत पडलेत, म्हणून एकत्र दिसत नाहीत.

तेव्हा पहिला समज इथेच तपासून घे. "कॉलेजात काही शिकवत नाहीत, म्हणून डिग्री वाया गेली," असं तू धरून चालली आहेस. शिकवणं कमी पडत असेल, मला ते पटतं. तरी अभ्यासक्रमात जे आहे, ते कामाचंच आहे: साठ्याचं गणित, वाहतूक, गोदाम, खरेदी, आयात-निर्यातीचे कागद. त्यांना आकडे आणि माल लागत नाही, तोवर ते कोरडे राहतात. बी.कॉम.ला गेलीस तर दोन वर्षं मागे जाशील आणि हीच तक्रार तिथेही असेल. उरलेल्या वर्षाला आकडे कसे लावायचे, ते सांगते.

बाबांच्या बिल्टीबुकापासून (बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) सुरुवात कर. मागच्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या एक्सेलमध्ये घाल. स्तंभ असे: बिल्टी क्रमांक, तारीख, गाडी क्रमांक, कुठून, कुठे, पाठवणारा, घेणारा, माल, वजन, भाडं, गाडी पोचल्याची तारीख, रिकामी झाल्याची तारीख, पीओडी (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच) हातात आल्याची तारीख, पैसे मिळाल्याची तारीख. पहिल्याच दिवशी अडशील. काही तारखा एक्सेलला तारखा वाटणारच नाहीत, कारण त्या मजकूर म्हणून पडल्या असतील; वजाबाकी केली की चूक दाखवेल. एकाच गावाची तीन नावं निघतील. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन वेगळी शहरं म्हणून मोजली जातील. नावापुढे राहिलेल्या एका रिकाम्या जागेमुळे एक्सलुकअप (एक्सेलचं शोधायचं फंक्शन) काहीच शोधणार नाही. 'अ‍ॅनालिस्ट' ज्याला म्हणतात, त्याचा बराचसा दिवस हा असला कचरा उपसण्यात जातो. ट्रिम, समइफ्स, एक्सलुकअप, पिव्हट टेबल आणि थोडं पॉवर क्वेरी, एवढं नीट आलं तर पहिल्या नोकरीला पुरेसं आहे. आणि हे शिकायला पैसे लागत नाहीत.

डेटा स्वच्छ झाला की तीन प्रश्न विचार. कोणत्या ग्राहकाकडे गाडी सर्वांत जास्त उभी राहते? पीओडी यायला किती दिवस लागतात? पीओडी आल्यावर पैसे किती दिवसांनी येतात? ट्रान्सपोर्टवाल्याचा पैसा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नात अडकलेला असतो. कागद चालकाच्या केबिनमध्ये पडून राहतो, कागद नाही म्हणून बिल जात नाही, बिल नाही म्हणून पैसे नाहीत. मोबाइलवर पीओडीचा फोटो त्याच दिवशी मागवायची सवय लावली तरी फरक पडतो. मात्र मूळ कागदाशिवाय बिल न घेणारे ग्राहक कोणते, तेही यादीत लिहून ठेव. बाबांपुढे हे एक पान ठेवशील, तेव्हा काकांना वेगळं उत्तर द्यायची गरज उरणार नाही.

आता साठ्याचं गणित. यावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण मुलाखतीत इथेच मुलं घसरतात. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: रिऑर्डर पॉइंट (साठा किती उरला की नवा माल मागवायचा) म्हणजे रोजचा खप गुणिले लीड टाइम (मागवलेला माल यायला लागणारे दिवस), अधिक सेफ्टी स्टॉक (अडीनडीसाठी ठेवलेला जास्तीचा साठा). समज, औषध वितरकाकडे एका वस्तूची रोज सरासरी 40 खोकी जातात, खपाचं प्रमाण विचलन (खप सरासरीपासून साधारण किती हलतो) 10, माल यायला 9 दिवस. 95 टक्के सेवा पातळीसाठी (म्हणजे शंभरातल्या 95 वेळा माल संपू नये यासाठी) 1.65 ने गुणायचं. सेफ्टी स्टॉक झाला 1.65 गुणिले 10 गुणिले 9 चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 50 खोकी. रिऑर्डर पॉइंट 360 अधिक 50, म्हणजे 410. परीक्षेत पूर्ण मार्क मिळतात.

गोदामात मात्र माल संपतो. का? कारण माल यायला दरवेळी 9 दिवस लागत नाहीत. कधी 7, कधी 12. या लीड टाइमचं विचलन 2 दिवस धरलं, तर वर्गमुळाच्या आत 9 गुणिले 10 चा वर्ग (900) आणि 40 चा वर्ग गुणिले 2 चा वर्ग (6,400) अशी बेरीज येते: 7,300. त्याचं वर्गमूळ साधारण 85, गुणिले 1.65, म्हणजे 141 खोकी. साठा जवळजवळ तिप्पट झाला, आणि त्यात ग्राहकाच्या लहरीचा वाटा थोडा आहे. बहुतेक वाटा पुरवठादार आणि गाडी वेळेवर न येण्याचा आहे. हे समजलेली व्यक्ती 'साठा वाढवा' म्हणण्याआधी 'गाडी कुठे अडते' ते विचारते. कळंबोलीत उभ्या राहिलेल्या बाबांच्या गाडीची किंमत पलीकडचा व्यापारी असा जास्तीचा साठा ठेवून मोजत असतो. तुझ्या विषयाचं सारं मर्म या एका जोडणीत आहे.

जालना तर या विषयासाठी नामी गाव आहे. तिथून सळई निघते आणि बियाणंही निघतं, आणि दोन्हींची वाहतूक अगदी वेगळी. पोलादाची घनता घनमीटरला 7.85 टन, 20 टन सळईचं नुसतं लोखंड अडीच घनमीटरच्या आसपास भरतं. वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे 33 घनमीटर जागा असते. म्हणजे सळई वजनाने गाडी संपवते, जागा रिकामीच राहते. हलक्या मालाचं उलट: जागा भरते, वजन उरतं. विमानाने माल पाठवताना हाच प्रश्न दरात उतरतो. 60 बाय 50 बाय 40 सेंटिमीटरच्या खोक्याचं घनफळ भागिले 6,000 केलं की येतात 20 किलो. खोकं काट्यावर 12 किलोचं असलं तरी भाडं 20 किलोचं. बियाण्याचा पेच तिसराच. सगळी मागणी पावसाच्या तोंडावर, उगवणक्षमतेला मुदत, आणि हंगाम हुकला की न खपलेला माल विक्रेत्यांकडून परत येतो. परत येणाऱ्या मालाचं हे शास्त्र, रिव्हर्स लॉजिस्टिक्स, पुस्तकात दोन पानांत उरकतात. एखाद्या बियाणं विक्रेत्याकडे जुलैअखेर जाऊन बस, दोन पानांचं प्रकरण किती लांब आहे ते कळेल.

कागदांचं थोडक्यात सांगते. ई-वे बिल (माल वाहताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) स्वतः कसं भरतात ते शिकून घे. राज्याबाहेर 50,000 रुपयांवरच्या मालाला ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मुदत मिळते. चुका कुठे होतात ते लक्षात ठेव: वाटेत गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत घातला आणि भाग 'ब'मध्ये नवा गाडी क्रमांक टाकायचा राहिला, किंवा गाडी उभी राहिली आणि मुदत संपली. मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. माल अडकला तर दंड कराच्या दुप्पट बसू शकतो. निर्यातीच्या बाजूला पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, कंटेनरचं प्रमाणित वजन (व्हीजीएम), लेट एक्सपोर्ट ऑर्डर (माल बाहेर पाठवायला कस्टम्सची परवानगी), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) हा क्रम एका खऱ्या निर्यातीच्या फायलीवर बोट ठेवून वाचून घे. न्हावा शेव्याच्या आसपास उरण-पनवेल पट्ट्यात सीएचएंची (कस्टम्सचं काम करून देणारे एजंट, म्हणजेच कस्टम्स ब्रोकर) ढीगभर ऑफिसं आहेत. प्रशिक्षणार्थीला जुनी फाइल दाखवायला कुणी सहसा ना म्हणत नाही. तुला तेच काम आवडलं तर तीही वाट आहे. कस्टम्सची परीक्षा देऊन जी-कार्ड (ब्रोकरच्या वतीने कस्टम्सचं काम करायचं ओळखपत्र), त्यावर किमान दोन वर्षांचा अनुभव आणि पदवी, मग कस्टम्स ब्रोकरच्या परवान्याची परीक्षा. हे काम बहुतेक ऑफिसातलं आणि पोर्टलवरचं आहे. हे दार तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही, म्हणून सांगितलं.

आता गोदाम. "गोदाम म्हणजे उभं राहायचं, ऑफिस म्हणजे डोकं चालवायचं," हा दुसरा समज. काकांचा आणि तुझा इथे एकच आहे, फक्त बाजू वेगळ्या. अ‍ॅनालिस्टच्या पडद्यावर 'साठा 600' दिसतो. तो आकडा कुठून आला? कुणीतरी माल उतरवून घेताना जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) केली. त्याने 50 खोक्यांतले (खोक्यात 12 धर) 600 नग लिहिले, की 600 खोकी लिहिली? एकक चुकणं ही गोदामातली नेहमीची चूक आहे. दुसरी म्हणजे सारख्या दिसणाऱ्या दोन कोडची अदलाबदल. तिसरी, पुढचा माल हाताला सोपा म्हणून आधी उचलणं आणि मुदत जवळ आलेला माल मागे राहणं. औषधं आणि खाद्यपदार्थांत जिची मुदत आधी संपते ती बॅच आधी निघायला हवी, तिथे हे महागात पडतं. चौथी, माल रॅकमध्ये ठेवला पण जागेचा कोड स्कॅन केला नाही. माल आहे, पण सापडत नाही, म्हणून पडद्यावर असूनही ग्राहकाला 'नाही' असं उत्तर जातं. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तो सुंदर डॅशबोर्ड करतो आणि चुकीचं उत्तर देतो. चांगल्या कंपन्या म्हणूनच नव्या मुलांना आधी फ्लोअरवर पाठवतात.

सहा आठवड्यांची इंटर्नशिप भिवंडी, चाकण, तळेगाव किंवा घराजवळ वाळूजला शोध. पहिला आठवडा इनवर्ड डॉकवर (जिथे आलेला माल उतरतो), दुसरा पुटअवे (माल जागेवर लावणं) आणि रॅकिंगवर, तिसरा पिकिंगमध्ये (ऑर्डरप्रमाणे माल काढणं), चौथा डिस्पॅच आणि कागदांवर, पाचवा सायकल काउंटमध्ये (थोडा थोडा साठा मोजून पडद्यावरच्या आकड्याशी ताडणं), सहावा अहवालाला. हे वेळापत्रक पहिल्याच दिवशी व्यवस्थापकापुढे लिहून ठेव. नाहीतर सहाही आठवडे तुला एकाच टेबलावर बिलं फाइल करायला बसवतील, आणि त्यात दोष त्यांचा एकट्यांचा नसेल.

प्रोजेक्टचा विषय मोठ्या ई-कॉमर्स कंपनीचा घेऊ नकोस. इंटरनेटवरून उतरवलेले ते 60 पानी अहवाल परीक्षकांनी इतके पाहिलेत की मुखपृष्ठावरच ओळखतात. त्याऐवजी एका गेटवर दोन आठवडे बस आणि प्रत्येक गाडीच्या पाच वेळांची नोंद कर: गेटमधून आत, डॉकला लागली, माल उतरवून झाला, कागद तयार, गेटमधून बाहेर. चार मधले कालावधी निघतील. माल उतरवण्यापेक्षा डॉकची आणि कागदाची वाट पाहण्यात जास्त वेळ गेलेला दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या गाड्या एकदम येतात का, ते बघ. येत असतील तर वेळा वाटून दिल्याने किती फरक पडेल, त्याचा हिशेब मांड. असा अहवाल 20 पानांचा असला तरी मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं.

रात्रपाळीची तुझी भीती मी हलकी समजत नाही. महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामाला ठेवता येतं, आणि सुरक्षिततेची व ने-आणीची सोय मालकाने करायची असते. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. रुजू होण्याआधी विचार: पाळ्या कोणत्या, घरापर्यंत गाडी मिळते का, फ्लोअरवर बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, पाळीत आणखी किती बायका आहेत, समितीवर कोण आहे. सरळ उत्तर आलं नाही तर ती जागा सोड. पण सगळी गोदामं एका पारड्यात घालू नकोस; दिवसपाळीतही भरपूर काम असतं, आणि नियोजन, खरेदी, डिस्पॅच समन्वय या जागा बहुतेक दिवसाच्या असतात.

सॅपचं बोलू. सॅप वाईट नाही. मोठ्या कंपन्यांत ते असतंच, आणि त्यावर काम येणं उपयोगाचं आहे. पण नव्या मुलीला त्यात बहुधा काय करायला देतात? मिगो या सॅपच्या पडद्यावर मालाची आवक चढवणं, एमबी52 या पडद्यावर साठा पाहणं, खरेदी ऑर्डर भरणं. हे कामावर आठ-पंधरा दिवसांत शिकवतात. खरेदी ऑर्डर, जीआरएन आणि पुरवठादाराचं बिल हे तिन्ही जुळले तरच पैसे सुटतात, हे ज्याला कळलंय, त्याला पडदे कळायला वेळ लागत नाही. ते न कळता पडदे पाठ केले, तर पुढच्या कंपनीत दुसरं सॉफ्टवेअर निघालं की पाटी कोरी.

क्लासला पाच गोष्टी लेखी विचार. फीमध्ये सॅप कंपनीची स्वतःची प्रमाणपत्र परीक्षा आहे की क्लासचं 'कोर्स पूर्ण केला' एवढंच प्रमाणपत्र? या दोन्हींत फार फरक आहे. सरावाचा सर्व्हर किती महिने मिळणार? मॉड्यूल कोणतं: साहित्य व्यवस्थापन, विक्री-वितरण, की गोदाम? 'प्लेसमेंट' म्हणजे नोकरी की फक्त मुलाखतीला पाठवणं? आणि नोकरी नाही लागली तर किती पैसे, किती दिवसांत परत? मागच्या बॅचमधल्या तिघांशी बोलायला मिळेल का, हेही विचार, पण क्लासने निवडलेल्या तिघांशी नव्हे. लिंक्डइनवर त्या क्लासचं नाव लिहिलेले लोक तू स्वतः शोध. "महिनाअखेरनंतर फी वाढेल" म्हणत असतील तर वाढू दे. दोन वर्षांनी तुझी कंपनी सॅप वापरत असेल आणि तुला कन्सल्टिंगकडे वळायचं असेल, तेव्हा हाच खर्च शहाणपणाचा ठरू शकतो.

नोकरीचं तू नेमकं विचारलंस. बीबीएनंतर लगेच 'अ‍ॅनालिस्ट' हे पद मिळतं, पण कमी. पदाच्या नावावर अडून बसू नकोस. जाहिरातीत खाली काम काय लिहिलंय ते वाच. डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह, ट्रान्सपोर्ट प्लॅनर, इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह, पीपीसी म्हणजे उत्पादन नियोजनातली सहायक, खरेदी सहायक: या पायऱ्यांवरून दीड-दोन वर्षांत विश्लेषणाकडे जाता येतं, आणि गेलेली माणसं टिकतात, कारण आकड्यामागचा माल त्यांनी पाहिलेला असतो.

एमबीए त्यानंतर. पवईची पूर्वीची नीटी 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनसाठी तिचं नाव आधीपासूनचं आहे, आणि तिची वाट कॅट परीक्षेतून जाते. राज्यातल्या इतर संस्थांसाठी एमएएच-एमबीए सीईटी आहे. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतलं केंद्रीय विद्यापीठ आहे आणि वाहतूक-लॉजिस्टिक्सलाच वाहिलेलं आहे. त्याची माहिती काढ. सीपीआयएम, सीएससीपीसारख्या सप्लाय चेनमधल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांची फी डॉलरमध्ये असते, ती कंपनीकडून मिळेपर्यंत थांब. कामाचा अनुभव घेऊन गेलेल्याला वर्गातल्या केस स्टडीत आपल्या गोदामाचे आकडे दिसतात. थेट गेलेल्याला पुन्हा पीपीटीच दिसते.

ज्यांनी अजून प्रवेश घेतलेला नाही आणि हे वाचताहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. बीबीए, बीएमएस आता एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्राची परिषद) कक्षेत आले आहेत आणि त्यांच्या प्रवेशासाठी 2024 पासून राज्याची सीईटी आहे. कॉलेजची मान्यता तपासा. मग विचारा की इंटर्नशिप किती आठवड्यांची आणि गेल्या वर्षी मुलं कोणत्या कंपन्यांत गेली, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी उद्योगात काम केलंय, आणि प्रयोगशाळेत एक्सेलच्या पलीकडे काही आहे का. इमारत आणि 'ग्लोबल टाय-अप'चा फलक शेवटी बघा.

आता तुझे 5,000. क्लासला आजच ईमेल कर: प्रवेश रद्द करत आहे, आगाऊ रक्कम परत करावी, पावती क्रमांक अमुक. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल कर. पावतीवर 'परत मिळणार नाही' असं छापलं असलं तरी मागून बघ. अर्धे आले तरी आले. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. तेही जमलं नाही, तर गेलेले 5,000 वसूल व्हावेत म्हणून आणखी 80,000 घालू नकोस. मामांना सांग की पैसे आत्ता नकोत, पण भिवंडीत इंटर्नशिप मिळाली तर सहा आठवडे राहण्या-खाण्याच्या खर्चाला थोडी मदत लागेल. आणि बाबांना विचार, सहा महिन्यांची बिल्टीबुकं कुठे ठेवली आहेत.